शून्य चुका दाखवणाऱ्या आयसीयूची आधी चौकशी करा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

कोविडच्या काळात आपले खाते रोज आकडे मागवत होते. बेड किती रिकामे, व्हेंटिलेटर किती चालू, ऑक्सिजन किती उरला. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, ते तक्ते आम्हीच भरायचो. काल कोणती चूक झाली आणि कोणती होता होता टळली, हा रकाना त्यात कधीच नव्हता.

चुका होण्यासारखीच परिस्थिती होती. व्हेंटिलेटर विकत आणता येतो, तो सांभाळणारी सिस्टर तयार व्हायला महिने लागतात. वॉर्डातल्या मुलींना जुजबी प्रशिक्षण देऊन आयसीयूत उभे केले. गॉगलवर वाफ धरली की औषधाचे लेबल दिसेना. दोन मास्कच्या आडून डॉक्टर ‘फिफ्टीन’ म्हणाले की ‘फिफ्टी’, हे पुन्हा विचारायलाही धीर लागे. संसर्ग टाळायला काही ठिकाणी इन्फ्युजन पंप (शिरेतून मोजून औषध सोडणारी यंत्रे) खोलीबाहेर ठेवले. मग लांबच लांब नळ्यांतली कोणती कशाची, हा नवाच घोळ. रुग्णाला पालथे करायला चार-पाच जण हवेत, नाहीतर श्वासनळीतली ट्यूब निसटते. शिवाय नातेवाईकांना आत बंदी. ‘बाबा आज काहीतरी वेगळेच वाटताहेत’ हे यंत्राच्या आधी घरच्यांना कळते, हे आम्हाला तेव्हा नीट उमगले.

यातले बरेचसे कागदावर आलेच नाही. कारण साधे आहे: लिहिले की मेमो येतो. होता होता टळलेली चूक लिहिणारी सिस्टरच चौकशीत सापडणार असेल, तर ती कशाला लिहील? मग पुढच्या पाळीत तीच चूक दुसरीच्या हातून होते.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शंभराहून अधिक आयसीयूंनी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) घालतानाची पाच कामे चेकलिस्टमध्ये बांधली: हात धुणे, पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, गरज संपताच लाइन काढणे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तातले संसर्ग 66 टक्क्यांपर्यंत घटले. कौतुक चेकलिस्टचे झाले. माझ्या मते खरी करामत वेगळी होती. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला होता. (आपल्या ओळखीतल्या एखाद्या ज्येष्ठ सर्जनना हे सांगून पाहा.) त्याच अमेरिकेत वर्षानुवर्षे कमी होत आलेले हे संसर्ग 2020 मध्ये पुन्हा वाढले. माणसे अपुरी आणि थकलेली असली की चेकलिस्टही नुसती खूण करण्यापुरती उरते. जागतिक आरोग्य संघटनेने 17 सप्टेंबर 2020 च्या रुग्णसुरक्षा दिनाचा विषयच आरोग्य कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हा ठेवला होता.

म्हणून मागणी एवढीच. आयसीयूतून आलेल्या, चूक कळवणाऱ्या नोंदीवर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, असा लेखी आदेश काढा. जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा आणि नशेत केलेले काम अर्थातच त्यातून वगळा. नोंद आल्यावर काय बदलले, ते नोंदवणारीला कळवणे रुग्णालयाला बंधनकारक करा. नाहीतर महिनाभरात नोंदींची पेटी रिकामी राहील. नवा आयसीयू बेड मंजूर करताना त्याच्यासोबत प्रशिक्षित परिचारिकेचे पदही मंजूर करा. आणि एखादे रुग्णालय महिनोन्महिने ‘चुका शून्य’ असा अहवाल पाठवत असेल, तर त्याचा सत्कार करण्याआधी तिथे कुणाला तरी पाठवा, तेही रात्रपाळीला.

आपली,
अतिदक्षता विभागातील एक परिचारिका