आणखी दोन पावसाळे

सांताक्रूझ बेट, गालापागोस, इक्वाडोर
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवरच सांगणार होते. पण आई, तू आल्या आल्या "जेवलीस का" विचारलंस, बाबांनी पावसाची चौकशी केली, मग तुमच्याकडे दाराची बेल वाजली आणि राहून गेलं. खरं म्हणजे मीच राहू दिलं. म्हणून लिहिते आहे. ताईला सांगितलंय, मोठ्या अक्षरांत छापून दे, चष्म्यावरून घरात शोधाशोध नको.

सांगून टाकते. इथल्या पक्ष्यांच्या घरट्यांवरच्या कामाचा करार मी आणखी दोन विणीच्या हंगामांसाठी वाढवून घेतला. सहीसुद्धा झाली. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर दोघंही लगेच "कर, कर" म्हणाला असता, आणि मग बाबा संध्याकाळभर गच्चीत बसून राहिले असते. ताईच्या वेळी पाहिलंय मी ते.

आता लगेच रडू नकोस आई, पुढचं वाच. इथे फिंच, म्हणजे माझे हे चिमणीएवढे पक्षी, घरटी करतात ती पाऊस पडला की, साधारण जानेवारीपासून मेपर्यंत. मग नुसतं धुकं आणि भुरभुर, गारवा, आणि पक्षी आपापल्या पोटामागे. तेव्हा माझं काम घरी बसूनही होतं. म्हणून ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे तीन महिने मी तुमच्याकडे. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली घ्या. त्याच्या आधीची नको आणि "आणखी वर्षभर चालेल की" हे तर अजिबात नको. तू जिना एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरतेस, ते ताईने पाठवलेल्या व्हिडिओत मागे दिसलं मला.

दोनच हंगाम का, आणि दोन तरी कशाला, हे बाबा विचारतीलच. बाबा, पहिल्या वर्षी इथे धो धो पाऊस झाला आणि दुसऱ्या वर्षी जेमतेम चार सरी. दोन वर्षं, दोन्ही एकमेकांच्या उलट. एवढ्यावर काही लिहिलं तर तुम्हीच लाल पेनाने काट मारली असतीत. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ साली शेजारच्या डॅफ्नी मेजर बेटावर काही थोडी वर्षं काम करू म्हणून आलं आणि चाळीस वर्षं येत राहिलं. घाबरू नकोस आई, मी चाळीस वर्षं राहणार नाहीये. आणि ते आपल्या दोन्ही मुलींनाही घेऊन यायचे, तेव्हा घर काही मोडलं नव्हतं.

त्यांची १९७७ची गोष्ट बाबांना सांगायची कधीपासून राहिली आहे. डॅफ्नी म्हणजे समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं तोंड, आपलं गाव त्यात दोनदाही मावणार नाही. पिण्याचं पाणी नाही, सावली नाही. त्या साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही. जमिनीवर दाणे टिपणारी मधल्या आकाराची फिंच असते, तिने आधी बारीक, मऊ बी संपवलं. मग उरलं काय, तर सराटे. हो, सराटेच! आपल्या सराट्याचं इथलं भावंड आहे, तसंच काटेरी, तसंच टणक. शाळेच्या मैदानावरून मी लंगडत यायचे आणि बाबा ओट्यावर बसून, माझा पाय मांडीवर घेऊन, सुईने काटा काढायचे, तोच तो सराटा. "हललीस तर आत जाईल" म्हणायचात आणि स्वतःच श्वास रोखून धरायचात.

तर हा सराटा फोडायला चोच जाड लागते. मी इथे जवळून पाहिलंय: पक्षी तो चोचीच्या अगदी मुळाशी, जिथे जोर जास्त मिळतो तिथे धरतो, मान वळवून पिळतो, एक कोपरा तुटतो, आतलं बी जिभेने ओढून घेतो. मोठी फिंच अडकित्त्यासारखा कटकन फोडते, मधलीला झुंजावं लागतं. आणि मधल्यांतही ज्यांची चोच थोडी बारीक, त्यांना तो फुटतच नाही, टाकून देतात. त्या वर्षी डॅफ्नीवरच्या मधल्या फिंचपैकी शंभरातल्या पंच्याऐंशी गेल्या. वाचल्या त्यांत जाड चोचीच्याच जास्त. सरासरीचा फरक किती, तर सुमारे अर्धा मिलिमीटर. बाबा, अर्धा मिलिमीटर म्हणजे तुमच्या लाल पेनाची रेघ. पुढच्या वर्षी त्यांना पिल्लं झाली, तीही आईबापांसारखीच जाड चोचीची.

यावर "म्हणजे मोठी चोच चांगली" असं म्हणू नका. १९८३ साली एल निन्योचा, म्हणजे इथला समुद्र तापतो त्या वर्षांतला, असा पाऊस झाला की थांबेचना. वेली माजल्या, बारीक बियांचा सडा पडला, आणि त्यानंतरच्या टंचाईत लहान चोचीवाल्यांचं फावलं. पुढे २००४-०५च्या दुष्काळात सराटे होते, पण तोवर मोठ्या जातीच्या फिंच डॅफ्नीवर येऊन स्थिरावल्या होत्या. त्यांनीच सराट्यांचा फडशा पाडला आणि जाड चोचीच्या मधल्या फिंच उपाशी राहिल्या. १९७७ साली ज्या चोचीने जीव वाचवला तीच पुढे अंगाशी आली. मला या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात आवडतं, आणि पाठ्यपुस्तकात नेमकं हेच नसतं.

पाठ्यपुस्तकावरून आठवलं. विज्ञानाच्या तासाला तुम्ही तो चार चोचींचा तक्ता टांगायचात आणि सांगायचात, डार्विनने हे पक्षी पाहिले आणि त्याला उत्क्रांती सुचली. बाबा, रागावू नका. तसं झालं नव्हतं. १८३५ साली तो इथे पाच आठवडे होता, पण या सगळ्या फिंच आहेत हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. १८३७च्या सुरुवातीला लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने त्याला ते सांगितलं. आणि कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, याच्या चिठ्ठ्या डार्विनने नीट लावल्याच नव्हत्या! मग जहाजावरच्या इतरांचे नमुने मागून ताळा करावा लागला. वही अपुरी ठेवली म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत, ते आठवतं? डार्विनलाही केलं असतंत. तरी तुमचा तक्ता माझ्या डोळ्यांपुढे नसता तर मी इथे आलेच नसते, हे मात्र अगदी खरं आहे.

आता कवळी. आई म्हणाली, महिना झाला ती वाटीत पाण्यात पडून आहे आणि बाबा नुसत्या दुधात कुस्करून खातात. तीन किलो उतरलात म्हणे. बाबा, दुष्काळातल्या पक्ष्यांची गोष्ट सांगितली म्हणून ती तुमच्यावर बेतलेली समजू नका. एकाही पक्ष्याची चोच त्या वर्षी वाढली नव्हती. जी घेऊन जन्माला आला तीच शेवटपर्यंत, बदलल्या त्या पिढ्या. पण इथे दुसरी एक फिंच आहे, सुतारपक्ष्याचं काम करणारी. सालीखालच्या अळ्या तिला हव्या असतात आणि सुतारपक्ष्याची लांब जीभ काही तिच्याकडे नसते. मग ती निवडुंगाचा काटा किंवा काडी चोचीत धरते, भोकात घालते आणि अळी कोरून बाहेर काढते. काडी लांब झाली तर मोडून आखूड करते. वरच्या ओल्या जंगलात, जिथे शेवाळातच किडे सापडतात, तिथे ती काडीच्या वाटेला फारशी जात नाही. खाली कोरड्या भागात, पाऊस नसताना, तिचा जवळजवळ निम्मा वेळ या काडीकामात जातो. पिल्लांना कोणी शिकवायला बसत नाही, पण पहिल्या दिवशी जमतही नाही. काड्यांशी चाळा करत, चुकतमाकत येतं.

मी चेष्टा करत नाहीये बाबा. पहिले पंधरा दिवस टोचणार, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. रोज सकाळी अर्धा तास, पेपर वाचताना, तोंडात ठेवायची. मग उकडलेला बटाटा, मग मऊ भात, मग पोळी. हिरडीवर जखम झाली तर सहन करत बसायचं नाही, जाऊन घासून घ्यायची. आईने मला चिऊचा घास, काऊचा घास करत भरवलं, तेव्हा तुम्ही मागे उभं राहून "हा बाबांचा घास" म्हणून शेवटचा घुसडायचात आणि मी तोही खायचे. आता माझ्या नावाने एक.

आई, तुझ्यासाठी वेगळी बातमी. तू दिलेली गोधडी मी धुऊन दोरीवर घातली होती. दुपारी पाहते तर एक काळाभोर नर तिला लटकून तुझ्या मोरपंखी साडीचे धागे उपसतोय! इथे घरटं बांधायचं काम नराचं, गोल, बाजूने दार असलेलं. तीन दिवसांनी माझ्याच यादीतल्या एका घरट्यात तो मोरपंखी धागा दिसला. मी हाकललं नाही, हाकलायला हवं होतं का माहीत नाही. गंमत म्हणजे इथल्या एका संशोधिकेला अशाच दोरीवरच्या कपड्यांवरून कल्पना सुचली. माणसांबरोबर एक माशी या बेटांवर आली आहे. ती घरट्यात अंडी घालते आणि तिच्या अळ्या रात्री पिल्लांचं रक्त पितात. नाकपुडीतसुद्धा शिरतात, जगलं-वाचलं ते पिल्लू वाकडी चोच घेऊन मोठं होतं. चोचीवर सगळं आयुष्य ज्यांचं, त्यांच्याच चोचीचं हे असं. तर त्या मंडळींनी कीटकनाशक लावलेला कापूस झाडांजवळ ठेवला. पक्ष्यांनी तो आपणहून नेऊन घरट्यांत भरला, आणि ज्या घरट्यांत त्यातला एक ग्रॅम तरी गेला त्यांत अळ्या जवळजवळ सापडल्याच नाहीत. मी करते ते याच माशीचं काम: शिडी लावून घरट्यात बघणं आणि पिल्लं उडाली की घरटं उतरवून अळ्या मोजणं. शिडी लहान आहे आणि खाली कोणीतरी धरतं. नेहमी.

तुझ्या तुळशीच्या बियांची पुडी मात्र विमानतळावर काढून घेतली, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. नियमच आहे, बाहेरचं बी इथे आणायचं नाही. बरोबरच आहे म्हणा, एक माशी आली तर हे असं झालं.

बाकी माझं उत्तम चाललंय. खोलीला जाळी आहे, पंखा आहे. नळाचं पाणी पीत नाही, पिण्याचं विकत घेते. तांदूळ, मसूर मिळतात, भाज्या थोड्या इथे पिकतात, बाकीच्या बोटीने येतात. बोट उशिरा आली की चार दिवस कांदाच. गावात दवाखाना आहे. एकदाच ताप आला होता, तो तेव्हा सांगितला नाही कारण उतरला होता. मी बाहेर जेवायला बसले की फिंच टेबलावर येऊन ताटातला भात टिपतात. त्यांना घालायचा नसतो. जिथे माणसांचं आयतं खाणं मिळतं तिथे लहान आणि मोठ्या चोचींमधला फरकच बुजायला लागलाय असं दिसून आलंय. तरी त्या चोरतात, आणि मला चिऊचा घास आठवतो.

आता ऐका. आईने स्टुलावर चढायचं नाही, डबे खाली उतरवून घ्या. बाबांनी रात्री बाथरूमचा दिवा चालूच ठेवायचा, बिल मी भरीन. फोन सकाळी सातला करा. इथे तेव्हा आदल्या संध्याकाळचे साडेसात असतात आणि मी शिडीवरून उतरून, आंघोळ करून बसलेली असते. उचलला नाही तर लगेच काहीबाही मनात आणू नका, इथलं इंटरनेट कधीकधी रुसतं.

आणि गच्चीत बसलात बाबा, तर स्वेटर घालून बसा.

तुमची
धाकटी

ता.क. आई, गोधडीचा एक कोपरा त्या नराने चांगलाच उसवलाय. येताना घेऊन येते. त्या मोरपंखी साडीचा उरलेला तुकडा असेल तर बोहारणीला देऊ नकोस.