उंदराचे सीएक्ससीआर४ प्रोटीन डिटर्जंटविना पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता व तांत्रिक साहाय्य विभाग

आज दुपारी तुमच्या तांत्रिक साहाय्यावर चौथा फोन झाला. तो ठेवल्या ठेवल्या हे लिहीत आहोत.

माल: उंदराचे पूर्ण लांबीचे सीएक्ससीआर४ (पेशीपटलातला रिसेप्टर), ई. कोलाय जिवाणूत बनवलेले, एन-टोकाला दहा हिस्टिडिनचा टॅग, फ्रीझ-ड्राय केलेले, १०० मायक्रोग्रॅमच्या दोन व्हायल. बफर: ट्रिस, ६ टक्के ट्रेहॅलोज, पीएच ८. एवढेच. पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारे प्रोटीन आणि बफरमध्ये ना डिटर्जंट, ना लिपिड, ना नॅनोडिस्क, म्हणजे त्याला विरघळलेले ठेवणारे काहीच नाही. हा माल विकायला काढताना हे कुणाच्याच लक्षात आले नाही?

तुमच्या पत्रकाप्रमाणेच सगळे केले. व्हायल उघडण्याआधी फिरवून पावडर तळाशी आणली, १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी घातले, व्होर्टेक्स न करता अर्धा तास बर्फावर ठेवली. पांढरे कण तरंगत राहिले. ४ अंशांवर २०,००० जी वेगाने दहा मिनिटे फिरवल्यावर वरच्या द्रवात बीसीए चाचणीने मिलिलिटरला ०.०६ मिलिग्रॅम प्रोटीन सापडले. असायला हवे होते १. उरलेले तळाच्या गोळ्यात होते. दुसऱ्या व्हायलमध्ये पाण्याऐवजी १ टक्का डीडीएम (सौम्य डिटर्जंट) आणि ०.१ टक्का सीएचएस (त्याच्या जोडीचे कोलेस्टेरॉलसारखे द्रव्य) घालून पाहिले. काही फरक नाही. एकदा गुठळी झालेले हेलिक्स नंतर डिटर्जंट ओतून पुन्हा घडी धरत नाहीत. हे प्रोटीन पेशीपटलातून काढतानाच मायसेलमध्ये, म्हणजे डिटर्जंटच्या रेणूंच्या वेढ्यात, घ्यावे लागते आणि शेवटपर्यंत डीडीएम ०.०२ ते ०.०५ टक्क्यांवर, म्हणजे ०.००८७ टक्क्यांच्या सीएमसीच्या (मायसेल बनायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) बरेच वर, राखावे लागते.

जेलबद्दलही (प्रोटीन आकारानुसार वेगळे करणाऱ्या चाचणीबद्दल) सांगतो, कारण दुसऱ्या फोनवर दोष आमच्या जेलवर ढकलला गेला. पत्रकात नमुना ९५ अंशांवर पाच मिनिटे उकळा असे छापले आहे. असे रिसेप्टर उकळले की गुठळ्या होऊन खाचेतच अडकतात. आमचेही अडकले. ३७ अंशांवर वीस मिनिटे ठेवलेल्या नमुन्यात ४० किलोडाल्टनच्या किंचित खाली एक पुसट पट्टी दिसली, बाकी सगळा वरचा धुरकट पट्टा. हिस-टॅगच्या वेस्टर्न ब्लॉटमध्येही तेच.

पत्रकात 'बाइंडिंग अ‍ॅक्टिव्हिटी तपासलेली' असे लिहिले आहे. वरचा द्रव एनटीए चिपवर (हिस-टॅग धरून बंध मोजणाऱ्या सेन्सरवर) बसवून उंदराचे सीएक्ससीएल१२ (या रिसेप्टरला बांधणारे केमोकाइन) १ ते २०० नॅनोमोलर सोडले. हे केमोकाइन फार बेसिक असते, चिपवरच्या ऋणभारित डेक्स्ट्रानला आपोआप चिकटते, म्हणून रिकामी वाहिनी वजा केली. उरले शून्य. भरपूर प्लेरिक्साफॉर (सीएक्ससीआर४ अडवणारे औषध) घातले तरी वजाबाकीआधीचा सिग्नल तसूभर हलला नाही. म्हणजे ते सगळे चिकटणे पृष्ठभागाचे होते, रिसेप्टरचे नव्हे. ई. कोलायमध्ये टायरोसिनवर सल्फेट लागत नाही, बंध थोडा सैल पडेल, हे धरूनच आम्ही माल मागवला होता. पण शून्य?

आता आजचा फोन. आम्ही विचारले, "शुद्धीकरणात कोणते डिटर्जंट वापरले आणि वाळवण्याआधी ते का काढले?" उत्तर आले, "तुम्ही नळ्या डिटर्जंटने धुता का? मग प्रोटीन खराब होणारच. आधी ते बंद करा." आम्ही सांगितले, भांडी धुण्याचा साबण नव्हे, प्रोटीनभोवती मायसेल धरणारे डीडीएम विचारतोय. "हो हो, तेच. डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुवा." डीडीएम हा शब्द आम्ही तीनदा उच्चारला. शेवटी विचारणा झाली, "तुमच्याकडे कुणी सीनिअर आहे का, ज्यांना प्रोटीन हाताळता येते?" दहा मिनिटे आम्ही तुमच्याच मालाची माहिती तुमच्याच माणसाला देत होतो आणि वर आमचीच लायकी काढली गेली. हा आमचा अपमान आहे, आणि तो आम्ही विसरणार नाही.

आणखी एक. बिलावर उंदीर आहे, तुमच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर टॅग सोडून लांबी ३५२ अमिनो आम्ले. ३५२ माणसाचे सीएक्ससीआर४ असते. उंदराचे ३५९. व्हायलमध्ये नक्की काय आहे, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? तीन ईमेलमध्ये हेच विचारले. एकाचेही उत्तर नाही.

आम्हाला हवे ते असे: या लॉटचा प्रत्यक्ष क्रम, शुद्धीकरणात वापरलेल्या डिटर्जंटचे नाव व प्रमाण, न उकळलेल्या नमुन्याचा जेल फोटो, बाइंडिंग चाचणीचा मूळ डेटा आणि पूर्ण पैसे परत. बदली व्हायल नको. त्याच बफरमध्ये ती आली तर तीही गुठळीच असेल. पत्रकातला बाइंडिंगचा दावाही काढा, नाहीतर पुढची प्रयोगशाळा त्यावर विसंबून महिनाभर चिपा वाया घालवेल.

लेखा विभागाला तुमचे देयक रोखायला सांगितले आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर हे पत्र, जेल आणि सेन्सोग्रामसह (चिपवरच्या बंधाच्या आलेखांसह), खरेदी समितीपुढे जाईल आणि तुमचे नाव पुरवठादारांच्या यादीतून काढण्याची शिफारस आम्ही स्वतः करू. इतकी वर्षे अँटिबॉडी तुमच्याकडूनच घेत आलो, म्हणून हे जास्त लागले.

दोन्ही व्हायलमधला उरलेला माल आणि तळाचे गोळे उणे ८० अंशांवर लेबल लावून ठेवले आहेत. तपासायचे असतील तर ड्राय आइस घेऊन माणूस पाठवा, आणि तो डीडीएम म्हणजे काय हे जाणणारा असावा.