तो अंधारा बोळ हवाच

प्रिय मित्रा,

'चित्रं फार काळी झालीत, जरा उजळ करा' असं गॅलरीवाल्यांनी सांगितलं म्हणून तू हात आखडता घेतलास, हे मला अजिबात पटलेलं नाही.

इराणमधल्या इस्फहानला शेख लुत्फुल्ला मशिदीत गेलो होतो, तेव्हाच तुझी आठवण आली होती. इराणचा बादशहा शाह अब्बास याच्या काळातली, १६०३ ते १६१९ मध्ये बांधलेली. दार समोरच्या मैदानाच्या रेषेत, किब्ला म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा मात्र तिरकी. वास्तुकारानं हा तिढा एका वळणदार, अंधाऱ्या बोळानं सोडवला. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत शिरताच भिंतीवरच्या निळ्या टाइल्सही नीट दिसेनात. वळताना दिशा हरवते. मग एकदम आपण घुमटाखाली! वर लिंबाच्या आकाराची नक्षी मध्याकडे बारीक होत गेलेली, जाळ्यांतून झिरपलेलं ऊन तिच्यावर. मैदानातून थेट इथे आलो असतो, तर हा उजेड मला दिसलाच नसता. तुझ्या चित्रांतला काळा रंग मला त्या बोळासारखा वाटतो.

इराणी चित्रकार मुनीर शाहरुदी फरमानफरमायान यांचं आरसेकाम तू पाहिलं असशील. शिराझच्या शाह चिराग दर्ग्यात भिंती, छत, सगळीकडे आरशांचे बारीक तुकडे. त्यांत आपला अखंड चेहरा कुठेच सापडत नाही. एका तुकड्यात डोळा, दुसऱ्यात झुंबर, तिसऱ्यात कुणा अनोळखी माणसाची बाही. हे पाहून मुनीरबाई भारावल्या आणि आयुष्यभर त्याच भाषेत बोलत राहिल्या. १९७९च्या क्रांतीनंतर न्यूयॉर्कला अडकल्या, १९९१ मध्ये नवरा गेला. त्या काळोखात त्यांनी जुने फोटो आणि आठवणींच्या वस्तू घालून छोट्या पेट्या केल्या, नाव दिलं 'हार्टएक', म्हणजे काळजातलं दुःख. २००४ मध्ये तेहरानला परतल्या आणि कारागिरांना जमवून पुन्हा आरशांना हात घातला. मला त्या पेट्या आरशांइतक्याच मोलाच्या वाटतात. दुःख झाकून पुढे जायची घाई त्यांनी केली नाही.

मुनीरबाई काचेच्या मागच्या बाजूनेही चित्रं रंगवत. आपल्याकडे पेशवाईतली काचचित्रं तशीच. तिथे डोळ्यातली चमक, दागिन्यांची झळाळी आधी काढावी लागते, मागचा गडद रंग सगळ्यात शेवटी. तू हे एकदा करून बघच. दिवाळीत येतोय, काच मी कापून आणतो. किती जाडीची हवी ते कळव, आणि तोवर एकाही चित्रावर पांढरा हात फिरवू नकोस.

तुझाच,
जुना मित्र