‘फक्त’ कॅन्सरच्याच पेशी?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी होती की नॅनोकण (औषधाचे अतिसूक्ष्म कण) आता फक्त कॅन्सरच्याच पेशी मारणार. सोमवारी दुपारपर्यंत तिघंजण कात्रण घेऊन माझ्या मेडिकलवर आले, हे औषध आहे का, केवढ्याला पडतं. त्यातला एकजण तर आईची केमो पुढं ढकलून बसलेला, नवीन येतंय तर थांबू म्हणे. त्याला समजावता समजावता घसा बसला म्हणून हे पत्र लिहितोय.

अहो, नॅनो औषध काय आजचं नाही. आमच्या वहिनींना अंडाशयाचा कॅन्सर, मिरजेत दर चार आठवड्यांनी जे लालसर सलाईन लागायचं ते लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, म्हणजे नॅनोच की. अमेरिकेत १९९५ लाच मंजूर झालंय. चरबीचा बारीक फुगा, १०० नॅनोमीटरच्या आसपास (आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे बघा), आणि त्याच्या आत केमोचं औषध. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या असतात, जुन्या पाइपासारख्या गळक्या, तिथनं हे फुगे आत झिरपतात, आणि साध्या औषधापेक्षा हृदयाला धोका कमी राहतो. हे खरंय, त्याला माझी ना नाही.

पण ‘फक्त’ कुठनं काढलं? वहिनींच्या तळहाताची सालटी निघाली, कोमट पाणी लागलं तरी आग व्हायची, दोन महिने भाकरी भाऊ थापत होता आणि आम्ही सगळे गुमान महाराष्ट्राचा नकाशा खात होतो. औषध हातापायाच्या तळव्यांतही जातं, लिव्हर आणि प्लीहा तर हे कण जाता जाताच उचलतात. टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग गोळा करून २०१६ मध्ये हिशोब मांडला, तर दिलेल्या डोसमधलं गाठीपर्यंत किती पोचतं याचा मधला आकडा निघाला ०.७ टक्के. हजारात सात! नेम सुधारायला कणांवर कॅन्सरच्या पेशींना जाऊन धरणारं अँटीबॉडी, फोलेट असलं काय काय चिकटवून बघतायत, चांगलंच आहे, पण तुमच्या बातमीतला प्रयोग उंदरावरचा होता आणि उंदीर आला शेवटून दुसऱ्या ओळीत. तो हेडिंगात घ्या, एवढंच मागणं आहे.

आणि त्याच पानाखाली नॅनो हळदीच्या थेंबांची जाहिरात! सांगलीत राहून हळदीला नावं कोण ठेवेल, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आपल्या हळदीला. पण हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून त्याचे नॅनोकण करून अभ्यास चाललाय, अभ्यास, इलाज नव्हे. वहिनींनाही एका पाहुण्याने अशी बाटली आणून दिली होती, केमो बंद करून हेच घ्या म्हणून. सील न फोडता ती अजून फ्रीजवर आहे, तुमच्या जाहिरात विभागातून कुणाला पाठवलं तर देऊन टाकतो.

एक मेडिकलवाला, विश्रामबाग, सांगली