विषबाधेचा तपास अन्नाच्या नमुन्यावर थांबू नये

महोदय,

लग्नसराईत नाशिकच्या एखाद्या मंगल कार्यालयातील जेवणानंतर वऱ्हाडी आजारी पडले की उरलेल्या बासुंदीचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तपास बहुधा तिथेच थांबतो. मात्र उलट्या-जुलाब १२ ते ४८ तासांनी सुरू झाले असतील, तर नोरोव्हायरस या पोटाच्या संसर्गाच्या विषाणूचा संशय घ्यायलाच हवा. तो जिवाणूंच्या नेहमीच्या चाचणीत सापडत नाही, त्यासाठी रुग्णांच्या शौचाचे नमुने पहिल्या दोन-तीन दिवसांतच घेऊन आरटी-पीसीआर चाचणी करावी लागते. आजारी न पडलेल्या पाहुण्यांनीही काय खाल्ले, याची नोंद घ्यावी, कारण तुलनेशिवाय दोषी पदार्थ ठरत नाही. कोशिंबीर कालवणाऱ्या हातांची चौकशी तर क्वचितच होते. जुलाब थांबल्यावरही विषाणू शौचातून बाहेर पडत राहतो, म्हणून आजारी आचारी-वाढप्यांना त्यानंतर किमान ४८ तास भरपगारी सुटी सक्तीची करावी.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक