तिकिटं दोनच काढलीत

प्रिय आई-बाबा,

व्हिडिओ कॉलवर सांगितलं असतं तर आई "कशाला गं एवढे पैसे" म्हणाली असती, बाबांनी फोन तिच्याकडे देऊन टाकला असता आणि विषय ईराच्या सर्दीवर गेला असता, म्हणून सरळ लिहूनच टाकते. जूनमध्ये तुम्ही आलात की दुसऱ्या शनिवारी तुमच्या दोघांची एक दिवसाची बस टूर बुक केलीय. सकाळी बेलफास्टहून निघायचं, संध्याकाळी परत. गेम ऑफ थ्रोन्सचं शूटिंग झालं त्या जागा आणि वाटेत उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमचा सगळा समुद्रकिनारा. पैसे भरून झालेत. रद्द होतं का ते विचारू नका.

आम्ही येत नाहीये. मुद्दाम. आम्ही आलो तर ईरा दिवसभर आईच्या कडेवर, बाबा तिची बाटली धरून बसच्या दाराशी, आणि मी आणि अमेय फोटो काढणार, माहितेय मला. मागच्या वेळी बाळंतपणाला आलात तेव्हा काय बघितलंत सांगा? माझं किचन, दवाखाना आणि कोपऱ्यावरचं टेस्कोचं दुकान. समुद्र बघितला तो विमानाच्या खिडकीतून. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण दादाने विचारलं "काय काय पाहिलंत" तेव्हा आई म्हणाली "नातीला पाहिलं", ते मी ऐकलंय. छानच आहे ते उत्तर, पण परत तेच नको.

आई, तुला सिरीयल माहिती असायची काही गरज नाही. बाबांनी लॉकडाऊनमध्ये बेडरूमचं दार लावून हॉटस्टारवर कुठली "इतिहासाची" सिरीयल बघितली ते तुला माहितीच आहे, त्यांना सगळं पाठ आहे, त्यांना बोलू दे. कार्नलॉ नावाच्या छोट्या बंदरात दगडी पायऱ्या आहेत, आर्याला भोसकल्यावर ती पाण्यातून वर येते त्या. बॅलिनटॉयचं बंदर म्हणजे थिऑन घरी परततो ते. आणि डार्क हेजेस, बीच (beech) जातीच्या झाडांची कमान असलेला रस्ता, सिरीयलमध्ये किंग्जरोड म्हणून दाखवलाय. १७७५ च्या सुमारास स्टुअर्ट घराण्याने आपल्या वाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर दीडशेच्या आसपास झाडं लावली, त्यातली बरीच गेली आता. २०१६ च्या वादळात पडली त्यांच्या लाकडाचे सिरीयलच्या चित्रांचे कोरीव दरवाजे करून इकडच्या पबमध्ये लावलेत! एक दरवाजा बघायला आपण सगळे जाऊ, आई तू ज्यूस घे.

बाबा, तुमच्यासाठी खरी गंमत शूटिंगची नाहीच, रस्त्याची आहे. लार्न गावाच्या पुढे डावीकडे उभा कडा आणि उजवीकडे समुद्र, मध्ये जेमतेम रस्ता. १८३० च्या दशकात विल्यम बाल्ड नावाच्या इंजिनीअरने कडाच सुरुंगाने खाली पाडला आणि त्याच दगडाचा किनाऱ्यावर रस्ता केला. अजूनही दरडी येतात म्हणे. तुम्ही खिडकीत बसून पीडब्ल्यूडीच्या नजरेने चुका काढाल, काढा, पण गाइडला थांबवून सांगू नका. उजवीकडच्या सीट पकडा.

आणि जायंट्स कॉजवे. तिथे शूटिंग झालेलं नाही, पण बस तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबते आणि ते बरोबरच आहे. चाळीस हजारांच्या आसपास बसाल्टचे खांब, बहुतेक सहा कोनांचे, थेट समुद्रात उतरलेले. लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला त्याने असे झाले. बाबा, हे तर तुम्हीच मला शिकवलंय! अंधेरीला गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढून गावदेवीला नेलं होतंत, मी दमले म्हणून खांद्यावर घेतलं आणि वर सांगत होतात की हा दगड म्हणजे गोठलेली आग आहे. मी रात्री विचारलं होतं की परत पेटली तर? तुम्ही माझ्या अंथरुणाशी पाण्याचा तांब्या ठेवला होतात. त्याच जातीचा दगड आहे हा, तिथे आपल्या बिल्डिंगांच्या मध्ये अडकलेला, इथे मोकळा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तुम्हाला फोन लावणार होते पण तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजले होते.

आई, तिथली गोष्ट तुला आवडेल. फिन मॅककूल नावाचा राक्षस, स्कॉटलंडच्या राक्षसाशी भांडायला त्याने हा रस्ता बांधला, पण समोरचा फारच आडदांड निघाला तेव्हा बायकोने फिनला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घातलं आणि बाळ म्हणून दाखवलं. बाळच एवढं तर बाप केवढा, असं म्हणून तो पळाला. म्हणजे घर बायकोनेच वाचवलं, तिथेही.

आता नीट ऐका. वरून कॉजवेपर्यंत छोटी शटल बस आहे, दोन्ही वेळा तीच घ्यायची, परतीचा चढ पायी नाही. काळे ओले दगड दिसले की त्यावर पाय ठेवायचा नाही, बाबा, तुमच्याबद्दल बोलतेय. कॅरिक-अ-रीडच्या दोरीच्या पुलावर जायचं नाही. वीस मीटरचाच आहे, पण तीस मीटर खाली समुद्र आणि वारा, शिवाय पुलापर्यंत किलोमीटरभर चाल आणि पायऱ्या. गुडघ्यांचं मागच्या महिन्यात डॉक्टर काय म्हणाले ते मला दादाने सांगितलंय, त्याला ओरडू नका. जमत नाही म्हणून नाही म्हणत मी, परत आल्यावर बाकीचे दिवस मजेत जावेत म्हणून म्हणतेय.

जेवणाचं टेन्शन नको. मी तिखटमिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा देईन, बाबांच्या शुगरसाठी बिस्किटं वेगळी. सकाळची गोळी निघायच्या आधी, माझ्यासमोर. आई, बस लागते म्हणून आवळासुपारी आणशीलच, पण पुढच्याच सीटवर बस, लाज वाटून मागे जाऊ नकोस. टॉयलेटचं गाइडला बिनधास्त विचारायचं, अलिबागसारखं पाणी न पिता दिवस काढायचा नाही! छत्री आणू नका, इथला पाऊस आडवा येतो, विंडचीटर मी घेऊन ठेवलेत. साडीवर होणार नाही, पंजाबी ड्रेस आण. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे परत यायला उशीर झाला तरी अंधाराची भीती नाही, आणि बस थांबते तिथे अमेय घ्यायला येईल.

ईराची काळजी करू नका, एक दिवस तिचे आई-बाप सांभाळतील तिला.

बाबा, कपाटातले नवे शूज आजपासून रोज घालून फिरा म्हणजे टाचेला लागणार नाहीत. रविवारी कॉलवर मला पाय दाखवायचे.

तुमची,
चिमी