पहिले तीन दिवस फोन कुठे असतो ते आधी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी देवगडात गेली सतरा वर्षं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पोलिसांना मोबाईलमधला डेटा काढायच्या आधुनिक मशीन हव्यात, त्यावर सरकारने खर्च करायला हवा, असं पेपरात अधूनमधून वाचायला मिळतं आणि मग दुकानात आलेलं गिऱ्हाईक हटकून विचारतं की बाबा ह्या मशीनला एवढे लाख कशाला लागतात आणि त्यातनं खरंच सगळं निघतं का. माझं म्हणणं सरळ आहे, मशीनला माझा विरोध नाही, पण आपल्याकडे तालुक्याला ज्या केसेस येतात त्यातल्या बहुतेकांना त्या मशीनची गरजच नसते, आणि जिथे खरोखर गरज असते तिथे फोन मशीनपर्यंत पोचेतो उशीर झालेला असतो.

आधी घरातलंच सांगतो. माझे भावोजी आंबा बागायतदार, दोनशेच्या वर कलमं आहेत. २०२४ च्या एप्रिलात एका बाहेरच्या व्यापाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर साठ पेट्यांची ऑर्डर दिली, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला, ह्यांनी विश्वासाने माल गाडीत चढवला आणि पैसे काही आले नाहीत, स्क्रीनशॉटच खोटा होता. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, मग पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर तक्रार दिली. तिथे काउंटरवर भावोजींनी स्वतः फोन उघडून दाखवला, अकरा मेसेज आणि दोन स्क्रीनशॉट, एवढाच सगळा पुरावा. पण पुरावा म्हणून अख्खा फोन ठेवून घेतला. ह्यांनी पिन चिठ्ठीवर लिहून दिला, ती चिठ्ठी फोनच्या मागे सेलोटेपने चिकटवली आणि फोन पाकिटात गेला. पुढे तपासणीसाठी फॉरेन्सिक लॅबला गेला एवढंच कळलं.

फोन परत आला चौदा महिन्यांनी. मीच तो हातात घेतला, बॅटरी फुगून मागची काच उचललेली, आणि ती पिनची चिठ्ठी तशीच चिकटलेली. रिपोर्टात काय होतं तर तेच अकरा मेसेज आणि तेच दोन स्क्रीनशॉट. दरम्यान २०२४ चा अर्धा आणि २०२५ चा पुरा सिझन गेला. मुंबई-पुण्यातली तीनशेच्या आसपास जुनी गिऱ्हाइकं, वीस वर्षांत एकेक जोडलेली, त्यांचे नंबर फक्त त्या फोनच्या मेमरीत होते. डुप्लिकेट सिम घेतलं पण नव्या सिमवर जुने नंबर काही येत नाहीत. बॅकअप चालू नव्हता, आणि घरात मोबाईलवाला असून मी तो कधी लावून दिला नव्हता हे मला आजही लागून राहिलंय. भावोजी दर आठवड्याला विचारायचे, "रे, माझो फोन कधी गावतलो? गिरायकां काय म्हणतली?" मला उत्तर नव्हतं. ज्याची फसवणूक झाली त्याचंच दुसऱ्यांदा नुकसान झालं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा मोठं होतं.

आता मशीनबद्दल, कारण लोकांना वाटतं ती जादूची पेटी आहे. इस्राएलच्या सेलेब्राइट कंपनीची मशीन पोलीस खात्यांमध्ये सगळ्यात जास्त ऐकायला मिळते, स्वीडनच्या एमएसएबीचं एक्सआरवाय आहे, आयफोनसाठी अमेरिकेतली ग्रेकी आहे. ग्रेकीचा भाव २०१८ साली बाहेर आला होता, तीनशे वेळा वापरायचा परवाना १५,००० डॉलर आणि कितीही वेळा वापरायचा ३०,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने दहा लाख आणि वीस लाखाच्या आसपास. आणि एकदा घेतली की झालं असं नाही. लायसन्स दरवर्षी रिन्यू करावं लागतं, कारण फोनवाले दर महिन्याला अपडेट काढतात आणि काल उघडणारं कुलूप आज उघडत नाही. लायसन्स संपलं आणि पुढच्या मंजुरीची फाईल टेबलाटेबलावर फिरत राहिली तर लाखोंची वस्तू कपाटात, आणि आपल्या खाऱ्या हवेत कपाटातल्या केबलींची टोकं काय होतात ते मला रोज दिसतं.

कमाल खर्च किती होतो तर सॅन बर्नार्डिनोचं उदाहरण बघा. २०१५ च्या डिसेंबरात अमेरिकेत तिथे गोळीबार झाला, हल्लेखोराचा आयफोन ५सी उघडेना, एफबीआय अ‍ॅपलविरुद्ध कोर्टात गेली आणि शेवटी २०१६ मध्ये बाहेरच्या कंपनीला पैसे देऊन तो उघडून घेतला. किती दिले तर सिनेटर डायन फाइनस्टाइन पुढच्या वर्षी नऊ लाख डॉलर बोलून गेल्या, म्हणजे सहा कोटी रुपये एका फोनचे. आणि त्यातनं तपासाला महत्त्वाचं फारसं काही लागलं नाही अशाच बातम्या तेव्हा आल्या. दहशतवादाच्या केसमध्ये तेवढा खर्च करावासा वाटणं मी समजू शकतो, माणसं मेली होती. पण आंब्याच्या साठ पेट्यांच्या केसला, जिथे फोनचा मालक पिन हातात घेऊन समोर उभा आहे, त्याला त्याच रांगेत कशाला उभं करायचं.

डिलीट झालेलं सगळं परत येतं हाही मोठा गैरसमज आहे. जुन्या फोनात बऱ्यापैकी यायचं, तेव्हा आम्ही गरम हवेच्या मशीनने मेमरीची चिप उचलून चिप वाचायच्या यंत्राला लावून वाचायचो. आता अँड्रॉइड १० पासून पुढच्या सगळ्या नव्या फोनात डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असतो आणि त्याची चावी त्याच फोनच्या प्रोसेसरशी आणि तुमच्या पिनशी बांधलेली असते, त्यामुळे चिप काढून वाचलीत तरी हाताला कचरा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपचे डिलीट केलेले मेसेज डेटाबेसमध्ये काही काळ रेंगाळतात, लवकर गेलात तर मिळू शकतात, फोन वापरत राहिलात तर त्यांच्या जागेवर दुसरं लिहिलं जातं. फॅक्टरी रिसेट मारला की चावीच पुसली जाते, मग वीस लाखाची मशीन आणि माझं पाचशेचं मल्टिमीटर दोन्ही सारखंच.

मागच्या पावसाळ्याआधी एका तांडेलाचा, म्हणजे मच्छीमार बोटीच्या म्होरक्याचा, फोन बंदरात पडला, दोन दिवसांनी गाळातनं मिळाला. घरचे म्हणाले मुंबईला मोठ्या मशीनवर पाठवूया का, आतले फोटो हवेत. मी म्हटलं मशीनला जिवंत फोन लागतो, आधी हा उठू दे. आतल्या बोर्डावरची पत्र्याची शिल्ड काढली तर खाली सगळं हिरवं चढलेलं, चार्जिंगच्या चिपच्या बाजूचा एक बारीक पार्ट तर पार खाऊन गेलेला. आयपीए नावाचं अल्कोहोल आणि ब्रशने धुतला, सुकवला, मायक्रोस्कोपखाली शॉर्ट शोधत तीन रात्री बसलो, चौथ्या दिवशी लोगो आला. तांडेलाने स्वतः पिन टाकला आणि फोटो मिळाले. त्यात हात होता, वेळ होता आणि मालकाचा पिन होता, मशीन कुठेच नव्हती.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो ती. फोन एकदा चालू करून पिनने उघडला की नंतर स्क्रीन लॉक असली तरी आत बऱ्याचशा चाव्या मेमरीत जाग्या असतात. अशा फोनावर ह्या महागड्या मशीनचा सगळ्यात जास्त जोर चालतो. तोच फोन बंद होऊन परत चालू झाला आणि पिन पडला नाही तर काम कितीतरी पटीने कठीण, पुष्कळदा अशक्य. अ‍ॅपलने २०२४ मध्ये अशी सोय आणली की आयफोन तीन दिवस कोणी उघडला नाही तर आपोआप रीस्टार्ट होतो, आणि गुगलने २०२५ च्या एप्रिलात अँड्रॉइडसाठीही तसंच आणलं. ही सोय चोरांपासून वाचायला चांगलीच आहे, मी गिऱ्हाइकांना तसं सांगतो. पण तपासाच्या बाजूने बघा, आरोपीचा लॉक असलेला फोन, खुनाची किंवा पोक्सोची केस, जिथे मशीन खरंच हवी, तो फोन मुद्देमालाच्या खोलीत पाकिटात पडून आहे, चार्जरला लावलेला नाही, दोन दिवसांत बॅटरी संपली. आपोआप रीस्टार्टची वाट बघायचीही गरज नाही, फोन मेला. मग चार-सहा महिन्यांनी तो जगातल्या सगळ्यात भारी मशीनला लावा. म्हणजे लाखो रुपये खर्चून घेतलेल्या वस्तूची किंमत ठरते ती जप्तीच्या दिवशी कोणी पॉवर बँक जोडली का आणि सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत फोन टाकला का ह्यावर. ती पिशवी काही लाखांची नसते, पण ती नसेल तर त्या फोनच्या खात्याचा पासवर्ड असलेला कोणीही बाहेर बसून नेटवरून फोन पुसू शकतो. मला कुठल्याच बातमीत ह्या पिशव्यांबद्दल एक ओळ वाचायला मिळालेली नाही.

पोलिसांची अडचण मला कळते, तेही माझ्याकडेच चार्जर घ्यायला येतात, बोलतात. फोन परत दिला आणि कोर्टात पुरावा पडला तर जबाबदार कोण, ही भीती खरी आहे. २०२० साली जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या कॉपीला सर्टिफिकेट हवंच. पण त्याच निकालात हेही आहे की फोनचा मालक स्वतः फोन घेऊन पिंजऱ्यात उभा राहिला आणि हा माझा म्हणाला तर सर्टिफिकेट लागत नाही. हे आमच्या एका वकील गिऱ्हाइकाने मला वाचून दाखवलं. १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष अधिनियम आला, त्यात कलम ६३ खाली सर्टिफिकेटचा छापील नमुनाच दिलाय, फोनचा मेक, मॉडेल, आयएमईआय आणि फाईलीची हॅश व्हॅल्यू भरायची, एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा भाग तज्ज्ञाने.

हॅश म्हणजे काय तर फाईलीचा अंगठा समजा. चॅट एक्सपोर्ट करा, त्या फाईलवर फुकटचं सॉफ्टवेअर चालवा, चौसष्ट अक्षरांची ओळ येते. मेसेजमधला एक स्वल्पविराम जरी उद्या कोणी बदलला तरी ती ओळ पार बदलते. ती ओळ त्याच दिवशी पंचनाम्यात लिहिली की झालं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ ने जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायला सांगितलेलंच आहे, मग त्याच शूटिंगमध्ये फोन उघडताना, चॅट आणि मूळ स्क्रीनशॉट कॉपी करताना, हॅश काढताना सगळं येऊ दे. डेटा तपासायचं ऑटोप्सी नावासारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या कॉम्प्युटरवर चालतं. तासाभराचं काम आहे. फोन मालकाला हमीपत्रावर त्याच दिवशी परत, कोर्टाने बोलावलं तर घेऊन येईल. ह्याला लागतो एक शिकलेला माणूस, प्रत्येक तालुक्याला एक, ज्याची वर्षभरात बदली होणार नाही आणि ज्याच्या सहीला तज्ज्ञ म्हणून कोर्टात मान असेल. पगार द्यावा लागेल, पण एका मशीनच्या दरवर्षीच्या लायसन्सपेक्षा हा खर्च लोकांच्या जास्त कामाला येईल असं मला मनापासून वाटतं.

मशीनचा रिपोर्ट म्हणजे देववाक्य असंही नाही. २०२१ मध्ये सिग्नल नावाच्या मेसेजिंग अ‍ॅपच्या लोकांनी दाखवून दिलं होतं की फोनमध्ये मुद्दाम तयार केलेली एखादी फाईल असली तर सेलेब्राइटच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्टच बदलता येऊ शकतो. म्हणून मशीन चालवणाऱ्याला आतलं समजायला हवं, नुसतं बटण दाबून प्रिंट काढणारा चालत नाही.

आणि एक गोष्ट लिहिताना मला जड जातंय. आमच्या बाजूच्या वाडीतली एक मुलगी, कॉलेजला जाणारी, स्क्रीनगार्ड बदलायला आली आणि दुकानात कोणी नाही बघून हळूच म्हणाली, "काका, फोन न देता तक्रार करता येते का?" कोणीतरी महिनाभर घाणेरडे मेसेज पाठवत होता. तिला भीती त्या माणसाची कमी आणि फोन लॅबला जाईल ह्याची जास्त. घरच्यांचे फोटो, मैत्रिणींचं बोलणं, आईच्या दवाखान्याचे कागद, सगळं कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कॉपी कधी पुसणार. मी तिला १९३० आणि महिला हेल्पलाईन सांगितली, सोबत येतो म्हटलं, पण तिने तक्रार केली नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हटलंय, मग तक्रारदाराच्या फोनातनं लागेल तेवढंच घ्यायचं आणि बाकीच्याला हात लावायचा नाही, हे लेखी असायला नको का? ती जर पंधरा मेसेज देऊन तासाभरात फोन घेऊन घरी जाऊ शकली असती तर ती गेली असती.

माझी विनंती एवढीच की तुमच्या पेपराने माहिती अधिकारात विचारावं, आपल्या सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत मुद्देमालात आज फोन किती आहेत, त्यातले तक्रारदारांचे किती, सगळ्यात जुना कधीचा, आणि लॉक असलेले किती चार्जिंगला आहेत. मशीन किती घ्यायच्या ते ह्या आकड्यांवरून ठरू दे.

पुराव्याच्या फोनला मी हात लावणार नाही, ते बरोबरही नाही. पण जप्त केलेला फोन चालू कसा ठेवायचा, पिशवीत कसा घालायचा, भिजलेला फोन चार्जरला का लावायचा नाही, एवढं पोलिसांना शिकवायला मी फुकट यायला तयार आहे, मालवण-कणकवलीतले माझे दोन मित्रही तयार आहेत. माझं दुकान सोमवारी बंद असतं.

आपला,
एक मोबाईल दुरुस्तीवाला
देवगड, जि. सिंधुदुर्ग